ऑथेल्लो मुसलमान होता काय?



इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्याला आपल्या मुलामुलींकडून एक प्रश्न हमखास येतो. शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ हे नाटक वर्गात संपत आलेले असते. शेवटच्या प्रवेशात सेनापती ऑथेल्लो स्वतःच्या हाताने जीव देतो, आणि देण्यापूर्वी एक जुनी आठवण सांगतो. हलब शहरात, ज्याला इंग्रज अलेप्पो म्हणतात, त्याने एकदा एका तुर्काला ठार केले होते. त्या तुर्काचा उल्लेख तो त्याच्या पगडीवरून आणि सुंतेवरून, शिवीच्या भाषेत करतो. वर्गात क्षणभर शांतता पसरते. तास संपल्यावर कोणीतरी जवळ येऊन हळूच विचारते, “सर, हा ऑथेल्लो मुसलमान होता काय?”

गाईडमध्ये या प्रश्नाचे उत्तर नसते. तेथे ‘ऑथेल्लोचा संशयी स्वभाव’ आणि ‘इयागोची दुष्टता’ एवढेच दोन ठरावीक मथळे असतात, आणि परीक्षेपुरते ते पुरतातही. परंतु प्रश्न विचारणारे मूल परीक्षेसाठी विचारत नसते. त्याला कळून घ्यायचे असते की, चारशेहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडातील एका थोर नाटककाराने जो माणूस रंगविला तो आपल्यापैकी कोणी आहे काय, आणि असल्यास आपण वर्गात मान वर करून बसावे की खाली घालून. हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. त्याचे उत्तर इतिहासातून शोधावे लागते. तेव्हा आपण थोडे इतिहासात जाऊ.

ज्यांनी नाटक वाचलेले नाही अशा पालकांसाठी कथानक दोन शब्दांत सांगतो. ऑथेल्लो हा मूर. म्हणजे उत्तर आफ्रिकेकडचा, काळ्या वर्णाचा मनुष्य. तो व्हेनिसच्या राज्याचा सेनापती आहे. तेथील एका सरदाराची मुलगी डेस्डेमोना घरच्यांना न सांगता त्याच्याशी लग्न करते. तुर्कांच्या स्वारीची बातमी येते म्हणून दोघेही सायप्रस बेटावर जातात. ऑथेल्लोचा निशाणबरदार इयागो त्याच्या कानात विष ओततो की, तुझ्या बायकोचा तुझा नायब कॅसिओ याच्याशी संबंध आहे. ऑथेल्लो त्यावर विश्वास ठेवतो आणि निरपराध पत्नीचा जीव घेतो. मग सत्य उघडकीस येते.

ही कथा मुळात शेक्सपिअरची नव्हे. चिंथिओ नावाच्या इटालियन लेखकाच्या १५६५ साली छापलेल्या कथासंग्रहात ती आहे. तेथे डेस्डेमोनाखेरीज कोणालाच नाव नाही. सेनापती हा नुसता ‘मूर’ आणि खलपुरुष हा नुसता ‘निशाणबरदार’. त्या कथेत तो निशाणबरदारच डेस्डेमोनाच्या मागे लागलेला असतो, ती दाद देत नाही म्हणून सूड घेतो, आणि खून ते दोघे मिळून वाळूने भरलेल्या मोज्याने करतात. एकंदरीत कथा ओबडधोबड आहे. शेक्सपिअरने तिच्यातील मूराला नाव दिले, कुळ दिले, भाषा दिली आणि मन दिले. सैतानीपणाचे माप त्याने गोऱ्या निशाणबरदाराच्या पदरात घातले. त्यापूर्वीच्या इंग्रजी रंगभूमीवर मूर म्हटला की बहुधा खलपुरुष, हे ठरलेले असे. शेक्सपिअरने स्वतःही ‘टायटस अँड्रॉनिकस’ या आधीच्या नाटकात ॲरन नावाचा तसाच मूर रंगविला होता. मग ऑथेल्लोच्या वेळी हा फरक का पडला?

येथे एका खऱ्याखुऱ्या मूराची गाठ घेतली पाहिजे. १६०० सालच्या ऑगस्ट महिन्यात मोरोक्कोचा सुलतान अहमद अल-मन्सूर याचा वकील अब्दुल वाहिद बिन मसऊद हा इंग्लंडच्या डोव्हर बंदरात उतरला. त्याच्या स्वारीत पंधरा-सोळा माणसे होती. हे लोक हलबच्या व्यापारासाठी निघाले आहेत असे वरकरणी सांगण्यात आले होते. खरा हेतू राणी एलिझाबेथशी स्पेनविरुद्ध लष्करी करार करण्याचा होता. हा सुलतान काही लहानसहान राजा नव्हता. १५७८ साली अल-कसर अल-कबीरच्या रणात पोर्तुगालचा राजा सेबॅस्तियन मारला गेला, तोच सेबॅस्तियन, ज्याच्या नावाने त्या काळी आपल्या शेजारच्या गोव्याचा कारभार चाले. त्याच रणात मोरोक्कोचा आधीचा सुलतान आजाराने गेला आणि त्याचा भाऊ अहमद गादीवर आला. इंग्लंडला मोरोक्कोची साखर आणि दारूगोळ्यासाठी लागणारा सोरा हवा होता. मोरोक्कोला इंग्रजी कापड आणि शस्त्रसामग्री हवी होती. या व्यापारासाठी १५८५ साली लंडनमध्ये बार्बरी कंपनी निघाली होती. कॅथलिक स्पेन हा दोघांचाही शत्रू. तेव्हा प्रॉटेस्टंट राणी आणि मुसलमान सुलतान यांची पत्रे एकमेकांकडे जात-येत होती, हे शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही.

अब्दुल वाहिद सुमारे सहा महिने लंडनमध्ये राहिला. राणीच्या भेटी झाल्या. नोव्हेंबरात राणीच्या राज्यारोहणाचा सोहळा त्याने मानाच्या जागी बसून पाहिला. लंडनच्या लोकांना या पाहुण्यांचे मोठे कुतूहल वाटे, आणि संशयही. हे व्यापाऱ्यांचे भाव नि वजने-मापे हेरायला आले आहेत, अशी कुरबूर होती. जॉन स्टो या त्या काळच्या बखरकाराच्या ग्रंथात एक बारीकशी नोंद आहे, ती वाचताना मला गंमतही वाटली आणि भरूनही आले. हे लोक मेंढरे, कोंबड्या राहत्या घरातच स्वतः कापतात आणि कापताना तोंड पूर्वेकडे करतात, असे तीत म्हटले आहे. त्या इंग्रजाला किब्ला ठाऊक नव्हता. पण त्याने पाहिले ते बरोबर पाहिले. परमुलखात, राणीचा पाहुणा असूनही, हा माणूस आपल्या जबिह्यावर ठाम होता. त्याच हिवाळ्यात, १६०० च्या ३१ डिसेंबरला, त्याच राणीने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. तिचे पुढे आपल्या देशावर काय परिणाम झाले ते आपण जाणतोच.

या वकिलाचे त्याच वर्षी काढलेले एक तैलचित्र आजही आहे. ते इंग्लंडातील बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संग्रहात जपलेले आहे. पांढरा फेटा, काळा झगा, कमरेला तलवार, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडविणारी नजर. चित्रावर त्याचे नाव, वय बेचाळीस, साल १६०० आणि ‘बार्बरीच्या राजाचा इंग्लंडातील वकील’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे आहेत. लंडनची वस्ती तेव्हा जेमतेम दोन लाख होती. एवढ्या शहरात हा माणूस सहा महिने वावरला आणि नाटककाराच्या कानावर त्याचे नावही गेले नाही, हे संभवत नाही. तीन-चार वर्षांत नाटक लिहून झाले. १ नोव्हेंबर १६०४ रोजी ते नवा राजा जेम्स याच्या दरबारात झाल्याची नोंद आहे. त्यापूर्वी, १६०३ सालीच, राणी एलिझाबेथ आणि सुलतान अल-मन्सूर दोघेही काही महिन्यांच्या अंतराने वारले होते आणि तो करार कागदावरच राहिला होता.

पण मित्रहो, नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच एलिझाबेथच्या सरकारने १५९६ साली देशातील काळ्या लोकांना बाहेर काढण्याविषयी हुकूम दिले, आणि १६०१ साली, म्हणजे मोरोक्कोच्या वकिलाची पाठ फिरते न फिरते तोच, त्याच अर्थाचा एक जाहीरनामा तयार करण्यात आला. सुलतानाचा वकील असेल तर मानाची जागा; गरीब नोकर असेल तर हद्दपारीची भाषा. ऑथेल्लोचे पात्र या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत उभे आहे.

आता मूळ प्रश्न. नाटकात ऑथेल्लोच्या बाप्तिस्म्याचा उल्लेख आहे. म्हणजे नाटक सुरू होते तेव्हा तो ख्रिस्ती आहे. तो आपण राजघराण्यातले आहोत असे सांगतो, शत्रूच्या हाती सापडून गुलाम म्हणून विकला गेल्याचे आणि मग सुटल्याचे सांगतो. जन्माने तो कोण होता हे नाटकात स्पष्ट शब्दांत नाही. परंतु त्या काळच्या वाचकांना अशा एका माणसाची हकिकत माहीत होती. ग्रॅनाडात जन्मलेला, फेझ शहरात शिकलेला विद्वान प्रवासी हसन अल-वज्जान १५१८ साली ख्रिस्ती चाच्यांच्या हाती सापडला. त्याला पोपच्या पुढे नेण्यात आले, दीड-दोन वर्षांनी त्याचा बाप्तिस्मा झाला आणि पोपचेच नाव त्याला मिळाले. युरोप त्याला लिओ आफ्रिकानुस म्हणून ओळखतो. त्याने लिहिलेल्या आफ्रिकेच्या वर्णनाचे इंग्रजी भाषांतर १६०० साली लंडनमध्ये छापले गेले, ज्या वर्षी अब्दुल वाहिद तेथे होता त्याच वर्षी. तेव्हा माझे उत्तर असे की, ऑथेल्लो हा मुसलमानांच्या मुलखातून आलेला, धर्म आणि देश सोडून दुसऱ्यांच्या चाकरीत मान मिळविलेला मनुष्य आहे. तो अब्दुल वाहिदसारखा आपल्या घरचा राहून आलेला पाहुणा नाही. त्याला परत जायला घर नाही, आणि त्याची सगळी शोकांतिका या एका गोष्टीतून निघते.

पहिला अंक या दृष्टीने वाचून पाहा. पहिल्या प्रवेशात लोक त्याच्याविषयी कितीतरी बोलतात, पण त्याचे नाव कोणी घेत नाही. तो नुसता ‘मूर’ असतो. डेस्डेमोनाचा बाप ब्रॅबॅन्शिओ याने त्याला कितीतरी वेळा घरी बोलावून त्याच्या लढायांच्या आणि प्रवासाच्या कथा ऐकलेल्या असतात. पण पाहुणचार वेगळा आणि सोयरीक वेगळी! मुलीने त्याच्याशी लग्न केले हे कळताच तोच बाप म्हणू लागतो की, याने जादूटोणा केला. ‘ऑथेल्लो’ हे नाव संवादात पहिल्यांदा उच्चारले जाते ते व्हेनिसच्या ड्यूकच्या तोंडून, सिनेटच्या बैठकीत. त्या क्षणी तुर्की आरमार निघाल्याची बातमी आलेली असते आणि राज्याला सेनापती हवा असतो. शेक्सपिअरने हे सहज केले असेल असे मला वाटत नाही.

ही सिनेटची रात्र फार लक्षपूर्वक वाचावी. बैठक सुरू होते ती आकड्यांच्या घोळाने. एकाच्या पत्रात तुर्कांची गलबते १०७, दुसऱ्याच्या १४०, तिसऱ्याच्या २००. मग खबर येते की आरमार ऱ्होड्सकडे वळले. सिनेटर ती लगेच गिळत नाहीत. सायप्रस सोडून तुर्क तिकडे का जातील, याचा विचार करून ती हुलकावणी आहे असे ठरवितात, आणि पुढची बातमी त्यांचे बरोबर ठरविते. त्याच बैठकीत ब्रॅबॅन्शिओची फिर्याद येते. फिर्यादी स्वतः सिनेटर, आरोपी परका काळा मनुष्य. तरीही ड्यूक सांगतो की नुसते म्हणणे म्हणजे पुरावा नव्हे. आरोपीला बोलू दिले जाते. आरोपी म्हणतो, त्या मुलीलाच बोलवा आणि तिच्या बापासमोर विचारा. तिला आणले जाते, ती निर्भयपणे बोलते, आणि तो सुटतो. राज्याची गरज हे त्यामागचे एक कारण आहेच. पण ऑथेल्लो वाचला तो पुरावा मागितला गेला म्हणून आणि एका स्त्रीची साक्ष ऐकली गेली म्हणून.

आता तिसरा अंक, तिसरा प्रवेश काढा. सायप्रसमध्ये ऑथेल्लो स्वतःच न्यायाधीश आहे. इयागो सुरुवातीला काहीच सांगत नाही. तो नुसता अडखळतो, वाक्य अर्धवट सोडतो, सांगायला नको म्हणतो. आपल्याकडे गावागावांत असे इयागो भेटतात. बोलायचे काही नसते, पण “जाऊ द्या, मी काय सांगू” म्हणत सगळे बोलून जातात. तरीही ऑथेल्लो बराच वेळ टिकतो. मला बायको मिळाली ती तिने डोळे उघडे ठेवून मला निवडले म्हणून, असे तो म्हणतो. तो ढळतो कोठे? इयागो सांगतो की, आमच्या देशातल्या बायकांचे स्वभाव मला माहीत आहेत, तुम्हांला नाहीत. आणि हिने बापाला फसविलेच ना! मग तो पुढचे पाऊल टाकतो: आपल्या देशाचा, आपल्या रंगाचा, आपल्या दर्जाचा नवरा नाकारून हिने तुम्हांला पसंत केले, यातच काहीतरी विपरीत नाही का?

येथे ऑथेल्लो हरतो. त्याला रणांगण माहीत आहे, आरमार माहीत आहे, पण इतकी वर्षे ज्यांच्यात राहिला त्यांच्या घराच्या आतले त्याला माहीत नाही, आणि ते आपल्याला माहीत नाही हा न्यूनगंड त्याच्या मनात पहिल्यापासून आहे. म्हणून ‘आतला’ मनुष्य सांगतो ते त्याला ज्ञान वाटते. मी काळा आहे, मला गोड बोलता येत नाही, माझे वय झाले, असे तो स्वतःच स्वतःला सांगू लागतो. पहिल्या अंकात शत्रू जे त्याच्याविषयी बोलत होते ते तिसऱ्या अंकात तो स्वतः बोलतो. मत्सर हा काळ्या माणसाच्या रक्तातच असतो, असे जुने टीकाकार लिहून गेले आहेत. मला ते मुळीच पटत नाही. हा रोग रक्ताचा नाही; तो परकेपणाचा आहे.

आणि पुरावा? ऑथेल्लो डोळ्यांनी दिसणारा पुरावा मागतो खरा, पण त्याला मिळते काय? कॅसिओ झोपेत काही बरळला अशी इयागोची सांगोवांगी; आणि एक रुमाल. ऑथेल्लोने पत्नीला दिलेली ती पहिली भेट. तो तिच्या हातून पडतो, इयागोची बायको एमिलिया उचलते, नवऱ्याला देते आणि इयागो तो कॅसिओच्या खोलीत टाकतो. ऑथेल्लो कॅसिओला समोर बोलावून विचारीत नाही. डेस्डेमोना अखेरच्या क्षणी म्हणते की त्याला बोलवा आणि विचारा. पण तोवर त्याला मारण्याचा हुकूम झालेला असतो. सिनेटमध्ये ज्या न्यायाने तो स्वतः वाचला तोच न्याय त्याने बायकोला दिला नाही.

आपल्या वाचकांना येथे सूरे नूर आठवल्यावाचून राहणार नाही. पाक-दामन स्त्रीवर आळ घेणाऱ्याने चार साक्षीदार आणावेत. न आणल्यास ऐंशी फटके आणि पुढे त्याची साक्ष कधीही ग्राह्य नाही. नवऱ्यालाही मोकळीक नाही; साक्षीदार नसतील तर त्याने शपथा घ्याव्या, आणि बायकोने उलट शपथा घेतल्या की तिच्यावर शिक्षा नाही. हजरत आयेशा सिद्दीका (रजि.) यांच्यावर मुनाफिकांनी आळ घेतला त्या प्रसंगाशी या सूऱ्यातील आयतींचा संबंध आहे. प्रवासात हरवलेला हार शोधायला त्या मागे राहिल्या, एवढ्या गोष्टीवरून मदिन्यात महिनाभर कुजबुज चालली. त्या पवित्र प्रसंगाची नाटकाशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही. सांगायचे ते इतकेच की, हरवलेल्या एका वस्तूवरून स्त्रीची अब्रू ठरवू नये, हा कायदा ऑथेल्लोच्या पूर्वजांच्या मुलखात जवळजवळ हजार वर्षे चालत आलेला होता. तो त्याने मागे सोडला, आणि व्हेनिसचा न्यायही त्याच्या अंगी मुरला नाही. आपल्या घरांतून किती मुलींची लग्ने, किती सुनांचे संसार असल्या रुमालांवरून मोडले, हे पालकांनी मनाशी आठवून पाहावे. सांगणारा बहुधा ‘घरातलाच’ असतो.

एमिलियाविषयी मुलींनी मुद्दाम वाचावे. रुमाल देण्याची चूक तिची. पण शेवटी सत्य सांगते तीच. नवरा गप्प बस म्हणतो, तलवार उपसतो, तरी ती बोलते आणि त्याच्या हातून मरते. परीक्षेत तिच्यावर प्रश्न क्वचितच येतो, हे आमच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांचे दुर्दैव.

नाटकाचा पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १६९३ साली टॉमस रायमर या इंग्रज टीकाकाराने या नाटकाची थट्टा करताना, बायकांनी आपले रुमाल नीट सांभाळावेत हाच यातला बोध, असे म्हटले. १८३३ साली आयरा ऑल्ड्रिज हा कृष्णवर्णीय अमेरिकन नट लंडनच्या कव्हेंट गार्डन थिएटरात ऑथेल्लो म्हणून उभा राहिला, तेव्हा काही वृत्तपत्रांनी त्याच्या वर्णावरून एवढे काहूर उठविले की दोन प्रयोगांतच काम थांबले. तोवर गोरे नट तोंडाला रंग फासून ही भूमिका करीत, त्याचे कोणाला काही वाटत नसे. मराठीत महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली या नाटकाचे भाषांतर केले; आपल्या भाषेतील शेक्सपिअरच्या पहिल्या भाषांतरांपैकी ते एक. पुढे १८९० साली गोविंद बल्लाळ देवलांनी त्यावरून ‘झुंझारराव’ लिहिले आणि ते रंगभूमीवर फार गाजले. नाव अस्सल मराठी झाले. मूर मात्र त्या नावातून गेला.

राहता राहिले ते शेवटचे भाषण, जेथून आपण सुरुवात केली. तेथे शिवी आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती कोणाच्या तोंडी आहे आणि तो त्या वेळी काय करतो आहे ते पाहा. त्या तुर्काला मी असा मारला, असे सांगत तो शस्त्र स्वतःच्या छातीत खुपसतो. मारणारा व्हेनिसचा सेनापती तोच, आणि मरणारा परका तोच. जन्मभर ज्यांच्या बाजूने लढला त्यांच्या शब्दांत त्याने स्वतःला शिवी दिली आणि त्यांच्याच वतीने स्वतःला शिक्षा केली. तो प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मी एवढेच सांगतो की ते वाक्य पुन्हा वाच, आणि या वेळी शस्त्र कोणाकडे वळले आहे त्यावर नजर ठेव.

त्यानंतर नाटकात फारसे काही उरत नाही. व्हेनिसहून आलेला अधिकारी लोडोव्हिको हुकूम सोडतो. इयागोच्या शिक्षेचे काम कॅसिओकडे. तोच आता सायप्रसचा सुभेदार. घर आणि मालमत्ता डेस्डेमोनाचा चुलता ग्रॅशिआनो याच्या ताब्यात. त्या हुकमात ऑथेल्लोचे नाव नाही. मालमत्ता ‘मूराची’ आहे.